बाबा छागल भरायला उतरले तेव्हा

माळ्यावरचं सामान उतरवताना छागल हाती आली. आमची मुलुंडची इमारत पाडून नवी बांधायची आहे, सगळ्यांनी जागा रिकाम्या करून द्यायच्या आहेत, आणि गेले कित्येक रविवार मी आईकडे जाऊन खोकी भरत होते. जाड कॅनव्हासची पिशवी, एका कोपऱ्याला बूच, वर अडकवायची दोरी. आता कुणी वापरत नाही. पूर्वी लांबच्या प्रवासात ती पाण्यानं भरून खिडकीच्या गजाला बाहेरून लटकवायची. वारा लागून पाणी गार व्हायचं. मी ती नाकाशी धरली. इतक्या वर्षांनी कसला वास येणार? पण आला. ओल्या कापडाचा, थोडा शेवाळाचा. आणि मग कोळशाच्या धुराचा, जो तिच्यात नव्हताच, माझ्याच डोक्यात होता.

"आई, ही टाकू?"

आई खुर्चीत बसून जुन्या चादरींच्या घड्या घालत होती. तिनं छागलीकडे नुसतं पाहिलं.

"टाक," ती म्हणाली. आणि पुढची चादर उचलता उचलता, "मला वन्संकडे जायचंय. तिकिटं काढ."

वन्सं म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. पार गोंदियाच्या पुढे, तलावांच्या मुलखात राहते. नव्वदीला टेकलीय.

"आत्ता? अगं, इकडे घर रिकामं करायचंय."

"घर काय, आज ना उद्या पडणारच आहे. वन्सं गेल्या तर मी विचारू कोणाला?"

"काय विचारायचंय?"

चादरीचं टोक टोकाला जुळेना, म्हणून तिनं ती झटकून पुन्हा उलगडली.

आमच्या घरात स्वस्थ बसता न येणारा माणूस एकच होता, आणि ते बाबा. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कागदावर सरळ रेघा मारायचे आणि घरी आले की त्यांची एकही हालचाल सरळ नसायची. गॅलरीत जा, आत ये, रेडिओ लाव, बंद कर. खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. रविवारी दुपारी आम्ही सगळे आडवे झालेले असताना चपला सरकवल्याचा आवाज यायचा. "कुठे निघालात?" "इथेच. स्टेशनपर्यंत." स्टेशनवर त्यांचं काही काम नसायचं. नुसते पुलावर उभे राहायचे, बाहेरगावच्या गाड्या धडधडत जाताना बघायचे आणि चहाच्या वेळेला परत यायचे. त्यांना काय हवं होतं, ते मला कळलं नाही. ते त्यांनाही माहीत असेल असं वाटत नाही.

हा रोग माझ्यात उतरलाय. नवरा चांगला आहे, मुलं हाताशी आलीत, भांडणतंटा नाही. तरी संध्याकाळी कामावरून येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाय अडतात. डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ जात राहावं, रस्ता संपेपर्यंत, असं काहीतरी आतून ढुशा देतं. मग फोन वाजतो, "कोथिंबीर आण गं." मी वळते.

पण दिवाळीच्या सुट्टीत बाबा वेगळे व्हायचे. भाऊबीज झाली की आम्ही निघायचो. होल्डॉलमध्ये गाद्या गुंडाळल्या जायच्या, पत्र्याच्या डब्यात उरलेल्या चकल्या, करंज्या, आणि मऊ पडलेला चिवडा. आई, बाबा, मी आणि धाकटा मिलिंद. मुंबईत वाढलेली आत्या लग्न करून इतक्या लांब कशी गेली, ते मला कुणी सांगितलं नाही. तिथल्या शाळेत मास्तर असलेले आतोबा, तलावाच्या अगदी काठाला त्यांचं कौलारू घर, आणि घराच्या मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. आम्हाला एवढं पुरेसं होतं.

नागपूर मागे पडलं की हवेचा वास बदलायचा. कापणीला आलेलं धान, ओली माती, आणि कुठेतरी जळणारं गवत. गोंदियाला मोठ्या गाडीतून उतरून आम्ही छोट्या गाडीत बसायचो. ती गाडी म्हणजे खेळण्यातली वाटायची: अरुंद रूळ, बुटके डबे, पुढे धाप लागलेलं कोळशाचं इंजिन. मिलिंदच्या डोळ्यात हटकून कण जायचा आणि आई पदराचं टोक फुंकून गरम करून त्याचा डोळा शेकायची. बायका टोपल्या घेऊन चढायच्या. टोपल्यांत शिंगाडे असायचे, हिरवे-जांभळे, पाण्यातून नुकतेच काढलेले, दाताखाली कचकन फुटणारे. खिडकीतून एक तलाव जायचा, मग झाडी, मग आणखी एक तलाव. काही इतके लहान की त्यात एकच म्हैस मावावी. काहींना पलीकडचा काठच नाही. मी मोजायला सुरुवात करायचे आणि झोपून जायचे. छोटी गाडी कुठेही थांबायची. धावत येणारा माणूस दिसला तरी थांबायची. चढावर तर मोठी मुलं उतरून बाजूनं चालायची आणि पुढे जाऊन पुन्हा चढायची.

आणि तरीही एका वर्षी बाबांची ती गाडी चुकली.

मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. एका लहानशा स्टेशनवर, जिथं फलाटसुद्धा धड नव्हता, बाबा छागल भरायला उतरले. नळ कडुनिंबाखाली होता. मी मिलिंदशी खिडकीवरून भांडत होते. गाडी हलली, झाडं मागे जायला लागली, आणि बऱ्याच वेळानं मिलिंद म्हणाला, "बाबा कुठायत?"

"मागच्या डब्यात चढले असतील," आई म्हणाली.

आम्ही उतरलो तेव्हा मागच्या डब्यातून बाबा आले नाहीत. आतोबा बैलगाडी घेऊन आले होते. "दिगू कुठाय?" त्यांनी विचारलं. "त्यांची गाडी चुकली," आईनं सांगितलं, आणि होल्डॉल स्वतःच ओढत गाडीत टाकला. आतोबा म्हणाले, "येईल जी, उद्याच्या गाडीनं येईल."

उद्याच्या गाडीनं बाबा आले नाहीत. परवाच्याही नाही.

आता हे सांगताना जीभ अडखळते, पण माझ्या लहानपणातले सगळ्यात झळझळीत दिवस ते होते. पहाटे उठून पायऱ्यांवर बसलं की समोर नुसतं पांढरं धुकं. त्यातून आधी आवाज यायचे: वल्ह्याचा चुबुक चुबुक, कुणाचं तरी खोकणं, बदकांचा कलकलाट. मग एखादी नाव निम्मीच दिसायची, पुढच्या टोकाशिवायची. पाण्याखालची पायरी शेवाळानं मखमली झालेली; पाय ठेवला की मासोळ्या येऊन बोटांना टोचायच्या. आत्याच्या चुलीवर नव्या तांदळाचा भात शिजायचा आणि तो वास पाण्यापर्यंत उतरून यायचा.

आणि आई. मुलुंडच्या घरात कामाचा ओटा आणि पाण्याची वेळ यांच्यामध्ये अडकलेली माझी आई, नेसल्या साडीनिशी कमरेइतक्या पाण्यात उतरली. आम्ही दोघं किंचाळलो. ती म्हणाली, "ओरडताय काय? मी नदीकाठची आहे, कोकणातली. लहानपणी पुरात पोहलेय." आणि तिनं डुबकी मारली. बाहेर आली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता, केस काळ्या पाण्यासारखे पाठीवर. ती हसत होती. तिचं असं मोठ्यानं, तोंडावर हात न धरता हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. दुपारी तिनं आत्याबरोबर शिंगाडे उकडले, आमच्याशी पत्ते खेळली, पत्त्यात लबाडी केली. बाबांची मला आठवण येत नव्हती. येत नाही हे लक्षात आलं की पोटात खड्डा पडायचा, आणि मग मिलिंद पाणी उडवायचा आणि तो खड्डा बुजायचा.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा पाण्यावरून आले. रस्त्यानं नाही, पाण्यावरून. पलीकडच्या धिवरांच्या वस्तीतला सोमा नावाचा कोळी नाव वल्हवत होता आणि पुढे बाबा बसले होते, दाढी वाढलेली, मांडीवर भरलेली छागल. आम्ही पायऱ्यांवर धावलो. बाबांनी मिलिंदला उचललं, त्यांच्या शर्टाला मासळीचा वास होता.

"गाडी चुकली रे," ते म्हणाले.

पुढे घरात ही गोष्ट गंमत म्हणूनच सांगितली गेली. पाहुणे आले की मिलिंद नक्कल करायचा: बाबा छागल घेऊन धावतायत आणि छोटी गाडी झुकझुक पुढे. सगळे हसायचे. बाबाही हसायचे. आई चहा आणायला आत जायची. त्या वर्षानंतर पाणी भरायला आईच उतरायची. बाबा खिडकीशी बसून राहायचे. किल्ल्यांचा जुडगा मात्र शेवटपर्यंत वाजत राहिला. स्टेशनच्या पुलावरच्या रविवारच्या फेऱ्याही चालू राहिल्या, अगदी गुडघे गेले तोवर. ते जात राहिले आणि येत राहिले. तीन वर्षांपूर्वी, आजारपण असं काही न होता, खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले.

मी तिकिटं काढली. नवऱ्याला सांगितलं, चार दिवस. तो म्हणाला, "आईला जपून ने. आणि तू पण जरा बस तिथे स्वस्थ." मिलिंद बोरिवलीहून फोनवर ओरडला, "ताई, वेडी आहेस का? अठ्ठ्याहत्तरच्या बाईला घेऊन एवढ्या लांब?" मग म्हणाला, "आत्याला माझा नमस्कार सांग. आणि शिंगाडे आण यार."

आता गाडीच्या खिडक्या काचेच्या, बंद. वास येत नाही, कण जात नाही. गोंदियानंतर छोटी गाडी नाही. तिचे अरुंद रूळ केव्हाच उखडून मोठे टाकले. तरी सकाळची पॅसेंजर होती, उघड्या खिडक्यांची. आईला खिडकी दिली. एक तलाव गेला, मग झाडी. तलावाच्या काठाला आता रंगीत छत्र्या, एका रिसॉर्टची पाटी, पाण्यात हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या. मी उठून दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

"बस गं," आई म्हणाली. "अगदी बापाची लेक आहेस."

मी बसले. गाडी हळू झाली. सिमेंटचा नवा फलाट, पिवळी पाटी, आणि पलीकडे एक जुना कडुनिंब. नळ नव्हता.

"हेच ते," आई म्हणाली.

"कशावरून?"

"मला माहितेय ना."

गाडी थांबली, दोघं-तिघं उतरले, पुन्हा निघाली. आई कडुनिंबाकडे बघत राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत. मग माझ्याकडे न वळता म्हणाली,

"हे धावलेच नाहीत."

"काय?"

"तुझे बाबा. गाडी हलली तेव्हा नळ बंद करून उभे होते. छागल भरलेली. माझ्याकडे बघत होते. आठ-दहा पावलं टाकली असती तरी चढले असते. मी बघत होते. त्यांनाही दिसलं की मी बघतेय. पण धावले नाहीत."

"मग तू ओरडलीस का नाही? साखळी तरी..."

"साखळी डोक्यावर होती," आई म्हणाली. "मी हात लावला नाही."

बाहेर धानाची शेतं सरकत होती. इतकी वर्षं हसून सांगितलेली ती गोष्ट माझ्या मांडीवर एखाद्या अनोळखी बाईनं ठेवलेल्या बोचक्यासारखी पडून होती.

"मला एवढंच विचारायचंय वन्संना," ती म्हणाली. "ते कुठं होते तेव्हा. ह्यांना मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."

आत्या पायऱ्यांच्या वरच्या ओट्यावर खाटेवर बसली होती. लहान, वाळलेली, पांढरे केस कापून टाकलेले. आतोबा जाऊन खूप वर्षं झाली. शेजारची एक बाई तिचं बघते. आईला पाहून तिनं दोन्ही हात पुढे केले. "सुमन आली का गं! ये, बस. जेवल्या की नाही वाटेत काही?" तिची मुंबईची मराठी केव्हाच इथल्या पाण्यात विरघळलीय.

जेवण झालं, पडून झालं. उन्हं उतरली तशी आई तिच्याजवळ खाटेवर जाऊन बसली. मी खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून होते. बसवत नव्हतं, पण उठलेही नाही.

"वन्सं, एक विचारू? त्या वर्षी ह्यांची गाडी चुकली. ते कुठं होते?"

आत्यानं बोटभर हात हलवून समोर दाखवलं, पाण्यापलीकडे.

"तिथं. सोमाकडे."

"कधीपासून?"

"पहिल्या संध्याकाळपासून. त्या टेसनावरून पायवाटेनं आलं की पलीकडच्याच काठाला लागते. सोमाची बायको मासळी द्यायला आली ना दुसऱ्या दिवशी, ती सांगून गेली. 'बाई, तुमचा भाऊ आमच्या घरी आहे. जेवत नाही. दगडावर बसून तुमच्या घराकडं बघून राहतो.'"

आई एकदम उठली. खाट करकरली. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"नाही सांगितलं."

"वन्सं, मी तीन रात्री झोपले नव्हते! दिवसा पोरांसमोर हसायचे आणि रात्री..." तिचा आवाज चिरकला. "एवढी वर्षं तुम्हाला माहीत होतं!"

"सांगितलं असतं तर तू त्याले आणायला गेली असतीस," आत्या शांतपणे म्हणाली. "मग तो आणलेला नवरा झाला असता. त्याचा तो येऊ दे म्हटलं."

"मी गेले नसते," आई म्हणाली.

पाण्यावर कुठूनतरी मोटरबोटीचा आवाज आला आणि गेला. मग आत्याचा चेहरा हलला, ओठ आत ओढले गेले, आणि ती म्हणाली, "मले पण भीती वाटली होती गं. वाटलं, तिकडूनच परत गेला तर? मी रात्रभर दार उघडं ठेवलं होतं."

आई पुन्हा बसली. थोड्या वेळानं तिनं आत्याच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. हात तिथंच राहू दिला.

सकाळी आईला पलीकडे जायचं होतं. मी नको नको म्हणत होते. सोमाचा मुलगा मनोहर, आता त्याचेही केस पिकलेत, पर्यटकांची होडी चालवतो. त्यानं आईला केशरी जाकीट घातलं, कमरेला पट्टा आवळला. "कोकणातली आहे मी," आई म्हणाली. "असा तं नियम आहे मावशी," मनोहर हसला.

धुकं विरत होतं. कमळाची पानं होडीखाली दबून पुन्हा वर येत होती. पलीकडच्या काठाला वस्ती आता पक्क्या घरांची, पण पाण्यालगत तो काळा सपाट दगड होता. त्यावर एक जाळं वाळत घातलेलं. मनोहरनं ते बाजूला केलं. आई बसली.

तिथून आत्याचं घर दिसत होतं. अगदी स्पष्ट. पायऱ्या, ओटा, मागचं दार. ओट्यावर ती शेजारची बाई भांडी घासत होती, आणि भांड्यांचा आवाज पाण्यावरून जरा उशिरा, पण नीट येत होता.

"इतकं ऐकू येतं?" मी विचारलं.

"सकाळी वारा नसला की समदं ऐकू येते," मनोहर म्हणाला आणि होडी बांधायला गेला.

म्हणजे बाबांनी आम्हाला ऐकलं होतं. आईची डुबकी, तिचं ते हसणं, आमच्या किंकाळ्या. त्यांच्यावाचून आम्हाला किती बरं चाललं होतं, हे त्यांनी या दगडावर बसून बघितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारे बाबा," मी म्हणाले.

"बिचारे कसले?" आई म्हणाली. "ते बघत होते, तेव्हा मी काय करत होते माहितेय? हिशेब. वन्संच्या शेजारची खोली रिकामी होती. शाळेत शिवणाची बाई हवीय, असं आतोबा म्हणाले होते. तुमची नावं तिथेच घालायची. मी पडदे कसले लावायचे तेसुद्धा ठरवलं होतं."

"आई!"

"खरं तेच सांगतेय. आणि मग ती नाव आली. लांबून ओळखले मी ह्यांना, बसण्यावरून. तू आणि मिलिंद ओरडत धावलात. आणि माझ्या मनात आलं, जावं ह्यांनी परत. एकदाच आलं, पण आलं."

पाण्यावरून पाणकावळ्यांची एक ओळ खालून उडत गेली. खिशात माझा फोन थरथरला. मी तो काढला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय?" आईनं जाकिटाचा पट्टा सैल केला आणि माझ्या हाताचा आधार घेऊन उठली. "पायऱ्यांवर आले, माझ्यासमोर उभे राहिले. तोंड एवढंसं झालेलं. मी विचारलं, जेवलात का? नाही म्हणाले. मग भात टाकला."